रंगाला कारण लागतं

आमच्याकडे दुचाकी गाडीवरचा कोणता खर्च गरजेचा आणि कोणता शौकाचा, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, तरी गावात सगळ्यांना पाठ आहे. टायर टाकला, चेन-स्प्रॉकेट बदललं, क्लचप्लेटा टाकल्या, अगदी इंजिन खोलून बोअर करून आणलं, तरी पारावर बसलेला माणूस 'बरं केलं' म्हणून मोकळा होतो. सीटकव्हरसुद्धा चालतं. पण टाकीला रंग मारायचा म्हटलं की तोच माणूस मान वर करून पाहतो. "काहून, लगन जुळून रायलं का?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "विकाची हाय का?" म्हणजे गाडी रंगवायला गावाला दोनच कारणं मान्य. पोरगी पाहायला जायचं असेल, नाहीतर गिऱ्हाईक यायचं असेल. गाडी विकायची नाही, लग्न होऊनही बरीच वर्षं झालीत, तरी ती बरी दिसावी असं वाटतं, हे तिसरं कारण चारचौघांत बोलून दाखवायची सोय नाही.

याच गावात श्रावणातल्या अमावास्येला पोळा भरतो. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' म्हणतात, आणि पोळ्याच्या सकाळी शिंगं घासून त्यांना ऑइल पेंट लावतात. लाल, हिरवा, कोणी सोनेरी. वर बेगड, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल. ज्याच्या घरी किराणा उधारीवर चालतो तोही त्या दिवशी रंगाचा लहान डबा आणतोच. त्या रंगानं बैल जास्त ओढत नाही की शिंग जास्त टिकत नाही. तरी हा खर्च शौकात धरत नाहीत. वर्षभर राबलेल्या जनावराचा तो मान आहे. आता राबायचं म्हटलं तर गाडीही वर्षभर राबते. बैलबंडी जिथं जायची तिथं ती जाते, आणि बंडी जात नव्हती तिथंही जाते. तिच्या रंगासाठी मात्र कोणी आवतण देत नाही.

मला कारण मिळालं ते आरटीओच्या कृपेनं. आमची काळी, शंभर सीसीची गाडी 2009ची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. पुढे गाडी नेऊन दाखवायची, तपासून घ्यायची, तेव्हा आणखी पाच वर्षं मिळतात. दुचाकीच्या या नूतनीकरणाची फी 2022च्या एप्रिलपासून तीनशेची एक हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून गाडी ठेवायची तर तिचा गंज थांबवला पाहिजे, असं मी घरी मांडलं. गंजाचं नाव काढल्यावर बाबा काही बोलले नाहीत. लोखंडाची काळजी त्यांना कळते. वखराची पास, डवऱ्याचे फण, कुऱ्हाडीचं पातं, सगळं ते हंगाम संपल्यावर पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवतात. कारण खोटं नव्हतं. पुरं खरंही नव्हतं, पण पुरं खरं सांगितलं असतं तर पैसे निघाले नसते.

गाडीचा रंग कुठून कुठून गेलाय ते नीट पाहिलं तर घरात कोण काय काम करतं ते सांगता येतं. टाकीच्या दोन्ही कडा गुडघ्यांनी पांढऱ्या पडलेल्या. वावरातून निघताना पँटला जी माती असते ती बारीक पॉलिश पेपरचंच काम करते. टाकीच्या वर, सीटकडच्या बाजूला रंग पातळ झालेला, कारण तिथं माझा पोरगा बसतो. झाकणाभोवती पेट्रोल सांडून सांडून एक मळकट गोल. डाव्या साइड पॅनलवर फवारणीच्या पंपाचा पट्टा घासून चरा पडलाय. आणि सगळ्यात वाईट अवस्था मागच्या मडगार्डची आणि कॅरिअरची. तिथं युरियाची थैली बांधून आणतात. युरिया पावसाळ्यातल्या हवेतलं पाणी ओढून घेतो, थैलीच्या शिवणीतून निसटलेले दाणे तिथंच विरघळतात आणि पत्र्याच्या जोडात जाऊन बसतात. वरून रंग फुगलेला दिसतो तेवढाच. नखानं उचकला की खाली लाल भुगा.

हे घर पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, आणि सोयाबीनवर चालतं, हे त्या मडगार्डवरून कळतं. शहरातल्या गाड्यांना असा गंज मी पाहिला नाही. त्यांच्या बंपर-टाकीला दुसऱ्या गाड्यांचे ओरखडे असतात.

तालुक्याच्या बसस्टँडमागे एक पेंटर आहे. पूर्ण गाडीचे पाच-सहा हजार सांगतो, आणि त्याचं काम पाहता ते जास्त नाहीत. त्याचा अर्धा धंदा पूर्वी नंबरप्लेटचा होता. पांढऱ्यावर काळे अक्षर, आमच्या यवतमाळचा एमएच-29, आणि हौशी पोरांसाठी आकड्यांतून 'दादा' किंवा 'बाप' निघेल अशी कसरत. आता एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, आली. अशोकचक्राचा होलोग्राम, उठावाचे अक्षर, लेझरनं कोरलेला नंबर. 1 एप्रिल 2019च्या आधीच्या गाड्यांनाही ती बसवायची सक्ती झाली, आणि त्याचा ब्रश त्या कामापुरता खुंटीला टांगला गेला. प्लेटा एकसारख्या झाल्या हे चांगलंच. 'दादा' वाचून कोणाला गाडीचा नंबर कळत नव्हता. पण एका माणसाच्या हातातलं वळणदार नऊ गेलं ते गेलंच.

मी त्याला माझं बजेट सांगितलं: दोन हजारांच्या आत. तो हसला नाही. म्हणाला, "भाऊ, पैसा रंगात नाई जात, घासण्यात जाते. तुमच्या घरी घासाले माणसं हायेत नं?" मग त्यानं जे सांगितलं ते कामाचं होतं. साधा माणूस जुना रंग सगळा काढायला बसतो आणि तिथंच थकतो. कंपनीचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो, त्याच्या खाली लोखंडाला फॉस्फेटची प्रक्रिया असते; तशी पकड घरी येणार नाही. तेव्हा जो रंग घट्ट आहे तो काढायचा नाही. त्यावर फक्त चारशे नंबरचा पेपर फिरवून चमक मारायची, म्हणजे नवा रंग धरून ठेवायला त्याला खरखरीतपणा मिळतो. जिथं गंज आहे तेवढंच पत्र्यापर्यंत साफ करायचं आणि काठ इतका उतरता घासायचा की जुन्या रंगाची पायरी बोटाला लागू नये.

रंग कोणता, हा प्रश्न फार काळ टिकला नाही. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. बदलायचा तर आरटीओकडे नोंद करावी लागते, आणि नूतनीकरणाला जाणाऱ्या गाडीचा रंग बदलून आणखी एक काम वाढवण्यात अर्थ नव्हता. काळी ती काळी. स्वस्तात काळा वाट्याला येणं तसं जुनंच आहे. फोर्डची मॉडेल टी ही सामान्य माणसासाठी काढलेली मोटार 1914 ते 1925 फक्त काळ्या रंगात मिळत असे. रंगीत मोटार हवी असेल तर महाग गाडी घ्यायची आणि रंगाचे थर सुकेपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबायचं. 1920च्या दशकात ड्युपाँ कंपनीनं 'ड्युको' नावाचा झटपट सुकणारा रंग आणला, जनरल मोटर्सच्या ओकलँड गाड्या त्या रंगात निळ्या होऊन रस्त्यावर आल्या, आणि मग फोर्डलाही काळ्याचा हट्ट सोडावा लागला. आमच्या तालुक्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात म्हातारे पेंटर अजून 'डुको' मागतात. कंपनीचं नाव त्यांना माहीत नसतं, पण दुकानदाराला काय द्यायचं ते कळतं. एनसी पेंटचा डबा.

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते कशापासून होतं हे कळल्यावर मी तो डबा बराच वेळ हातात धरून बसलो होतो. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. जिनिंगमध्ये रुई निघून गेली तरी सरकीच्या अंगाला आखूड तंतू चिकटून राहतात. ते खरवडून काढतात, त्यांना लिंटर म्हणतात. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळतं. त्यात नायट्रोजन जास्त बसवला तर तोफेत घालायचा स्फोटक कापूस. कमी बसवला तर थिनरमध्ये विरघळणारा, सुकल्यावर चमकणारा रंग. ड्युपाँचा मूळ धंदा दारूगोळ्याचाच होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर त्या कारखान्यांतून रंग बाहेर पडला.

आणि ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल, जो दारांना आणि शिंगांना लावतात? त्यातलं राळेसारखं द्रव्य वनस्पतीच्या तेलापासून बनवतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तेलांत जवसाचं आणि सोयाबीनचं तेल येतं. जवस आमच्याकडे आता चटणीपुरता एखाद्या तासात पेरतात, पण एकेकाळी विदर्भाचं ते नावाजलेलं पीक. कापूस, जवस, सोयाबीन. हार्डवेअरच्या दुकानातल्या त्या मांडणीवर आमचा अख्खा पेरा डब्यात भरून ठेवलेला आहे, आणि त्याचा भाव डब्यावर छापलेला असतो. आमच्याकडून घेताना छापलेला नसतो.

हे दोन रंग सुकतातही वेगवेगळे, आणि घरी रंग मारणाऱ्याला हे माहीत नसेल तर पैसे पाण्यात जातात. एनसीतलं थिनर उडालं की तो सुकला. पुन्हा थिनर लागलं की पुन्हा विरघळला. ऑइल पेंटला मात्र हवेतला ऑक्सिजन लागतो. तो वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आतून कित्येक दिवस मऊ राहतो. जाड मारला तर जास्तच. म्हणून दारावर जाड मारलेल्या ऑइल पेंटला पुष्कळ दिवसांनीही बोटाचा ठसा उठतो. त्यामुळे ऑइल पेंटवर एनसी कधी मारू नये. वरच्याचं थिनर खालच्याला फुगवतं आणि सगळ्या पत्र्यावर म्हाताऱ्याच्या कातडीसारख्या सुरकुत्या येतात. गाडीवर आधी कोणी घरगुती रंग मारला असेल तर तो कोणता हे ओळखायला कापडाचा बोळा थिनरमध्ये बुडवून कोपऱ्यात घासून पाहायचा. रंग बोळ्याला लागला तर एनसी किंवा स्प्रेच्या डब्यातला, फुगून सुरकुतला तर ऑइल पेंट, काहीच झालं नाही तर कंपनीचा पक्का.

स्प्रेच्या डब्याबद्दल लोकांच्या मनात उगाच तुच्छता आहे. 1949मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या एड सीमोर नावाच्या रंगविक्यानं तो काढला, तोही आपला अॅल्युमिनियम रंग गिऱ्हाइकाला मारून दाखवण्यासाठी. कंप्रेसर नाही, गन नाही, थिनरचं प्रमाण जमवायचं नाही. साइड पॅनल, मडगार्ड, चेनकव्हर यांना तो भरपूर झाला. त्याची खरी अडचण टाकीवर येते. त्या रंगावर पेट्रोल सांडलं की तो मऊ पडतो, डाग धरतो, आणि आमच्याकडे पेट्रोल सांडतंच. कॅन-बाटलीतून ओतणारी माणसं आहेत, पंप दूर आहे. पेट्रोलला टिकतो तो टू-के क्लिअर, म्हणजे वरून मारायचा पारदर्शक थर, ज्यात वापरायच्या वेळी हार्डनर मिसळावं लागतं. म्हणून पेंटरनंच तोड काढली. सगळी गाडी मी घरी करायची, टाकीसुद्धा काळी करून आणायची, आणि वरचा क्लिअर तेवढा त्यानं त्याच्या गननं मारून द्यायचा. मला हा हिशेब पटला. दोन हजारांतला मोठा वाटा एका टाकीच्या पारदर्शक थरावर गेला, जो दिसत नाही.

क्लिअर घरी न मारण्याचं दुसरंही कारण होतं. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीरानं त्याची धास्ती घेतली की पुढं थोडंसुद्धा सहन होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. हे मी घरी सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. आमचा जिल्हा यवतमाळ. 2017च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन इथं किती घरांतली माणसं गेली, ते अजून लोक नावानिशी सांगतात. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, हवा कोंदट, आणि अंगावर फक्त बनियन. तरीही सवय अशी की स्प्रेचा डबा घेऊन बसलेल्या माणसानं मास्क लावला तर पोट्टे विचारतात, "करोना परत आला का बे?" मी साध्या काळ्या रंगालाही कार्बनचा फिल्टर असलेला मास्क लावला आणि वाऱ्याकडे पाठ करून बसलो. मास्कचे पैसे मात्र रंगाच्या खर्चात धरले नाहीत. फवारणीच्या खर्चात धरले, तिथंही तो लागतोच.

कधी मारायचा, हे ठरवणं सगळ्यात अवघड गेलं. लोकांना दसऱ्याच्या आधी गाडी चकचकीत हवी असते, कारण त्या दिवशी तिला झेंडूचा हार घालायचा असतो. पण पावसाळ्यात आणि त्याच्या शेपटीला एनसी मारू नये. थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि काळ्या रंगावर दुधाची साय आल्यासारखा पांढुरका पडदा दिसतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतं. मळणी यंत्राचा धुराळा अख्ख्या गावावर असतो आणि तो ओल्या रंगाचा वास काढत येतो की काय असं वाटतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास. त्या उन्हात रंगाचा थेंब नळीतून निघून पत्र्यावर पडेपर्यंत अर्धा सुकलेला असतो, बसतो तो रव्यासारखा. लांबीत, म्हणजे खळगे भरायच्या पुट्टीत, हार्डनर मिसळून पहिला पोचा भरावा तर दुसऱ्यासाठी ती दगड झालेली. शिवाय स्प्रेच्या डब्यावर लिहिलेलं असतं की पन्नास अंशांच्या वर ठेवू नका. आमच्या टिनाच्या सपरीत मेच्या दुपारी किती असतं ते कोणी मोजत नाही, पण डबा तिथं ठेवण्याचं धाडस मी केलं नसतं.

उरतात जानेवारी आणि फेब्रुवारी. हवा कोरडी, ऊन सोसवणारं, आणि कापसाचा चुकारा हातात आलेला. अडचण एवढीच की त्याच वेळी कापूसही घरात असतो. भाव वाढेल म्हणून ठेवलेला, खोलीच्या छतापर्यंत. दार उघडलं की तंतू तरंगत येतात आणि ओल्या काळ्या रंगावर बसतात. कापसाच्या रंगावर कापूस. मी बाहेर आंगणात, कडुलिंबापासून दूर, जुनी मच्छरदाणी बांधून तिच्या आत रंग मारला. मायनं ती मच्छरदाणी चिंध्यांत टाकून ठेवली होती, तरी बाहेर काढल्यावर तिला अचानक मोल आलं. "चांगली व्हती ते," असं ती काळी होईपर्यंत ऐकावं लागलं. आधी जमिनीवर सडा मारायचा, धूळ बसते. चुलीत जाळ नको, जवळपास बिडी नको, कारण थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत सरकत जाते. सकाळी आठ ते दहा ही वेळ चांगली. दव उडालेलं असतं आणि वारा अजून सुटलेला नसतो. संध्याकाळी दिवा लावून काम करणाऱ्यांच्या रंगात पाखरं अडकतात.

गाडी अर्थातच रोज लागते. म्हणून ती एकदम उघडी केली नाही. आज एक साइड पॅनल, ते लावून झालं की दुसरं, मग मागचं मडगार्ड. पॅनल प्लॅस्टिकचं, त्याला आधी प्लॅस्टिकचा प्रायमर लागतो, नाहीतर रंग पापडासारखा सुटतो. तेवढे दिवस गाडी अर्धी जुनी, अर्धी नवी अशी वावरात जायची. टाकी शेवटी काढली. मेकॅनिकनं "सलाईन लावून देतो" म्हटलं, म्हणजे हँडलला पेट्रोलची बाटली टांगून नळी कार्बोरेटरला. हे मी पुष्कळदा पाहिलंय, आणि गरम इंजिनाच्या वर पेट्रोलची उघडी बाटली पाहून दरवेळी दोन पावलं मागे सरकलोय. त्यापेक्षा चुलतभावाची गाडी मागून घेतली.

टाकी घासायला बाबाच बसले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. मी एकशेवीसच्या पेपरनं गंज काढून, प्रायमर मारून, आता चारशेनं पाणी लावून घासत होतो, आणि डोळ्यांना सगळं सपाट दिसत होतं. ते आले, टाकीवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबले. "अठी खड्डा हाय." मला दिसत नव्हता. त्यांनी माझा हात धरून तिथं ठेवला, तरी पहिल्यांदा कळला नाही. डोळे मिटल्यावर कळला. काळा रंग असा चुगलखोर असतो की प्रायमरमध्ये लपलेली प्रत्येक लाट तो चमक आल्यावर दाखवतो. विळ्याची धार, वखराची पास, बैलाच्या खांद्याची सूज, सगळं त्यांनी आयुष्यभर त्या अंगठ्यानं तपासलेलं. पेंटर लोक कोरडी रंगाची भुकटी चोळून खळगे शोधतात, त्याची आम्हाला गरज पडली नाही. मग ते घासायचे आणि मी पाणी घालायचो. रंगाविषयी एक शब्द नाही. गंजाविषयीच बोलत राहिलो दोघं.

रंग मारणं त्यामानानं पटकन उरकतं, त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. डबा कोमट पाण्यात जरा वेळ उभा करायचा, आतली गोळी खुळखुळायला लागल्यावरही दोनेक मिनिटं हलवत राहायचं. वीतभर अंतर. हात पत्र्याच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेर संपवायचा, मध्ये थांबायचं नाही. पहिला थर इतका पातळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. तो झाकायचा मोह झाला की ओघळ आलाच. दहा मिनिटं थांबून दुसरा. टाकी आंगणात आड्याला तारेनं टांगली होती. शेजारच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, "भाऊजी, हे वाळत घातलं का काय?"

पेंटरनं क्लिअर मारून दिला, टाकी आठवडाभर तशीच ठेवली, मग बसवली आणि पेट्रोल भरलं. मडगार्डवर युरियासाठी रबराची जुनी ट्यूब कापून अंथरली आहे. ती रंगापेक्षा जास्त टिकेल. गुडघ्याच्या जागी रंग पुन्हा जाणार, त्याला इलाज नाही. आरटीओत इन्स्पेक्टरनं ब्रेक, लाइट आणि चेसिस नंबर पाहिला. रंगाकडे पाहिलंच नाही, जे बरोबरच आहे. पारावर मात्र पूर्ण तपासणी झाली. "किती लागले?" मी सांगितलं. "बाप्पा! एवढ्यात तं सात थैल्या युरिया येते." हिशेब अगदी बरोबर होता. पंचेचाळीस किलोची थैली 266 रुपये 50 पैशांना. भागाकार माणसानं तोंडी केला. युरिया घेतला असता तर तो पावसात वाहून गेला असता हे मी बोललो नाही, कारण मग मडगार्ड कशानं गंजलं तो विषय निघाला असता.

पण गावात दूध घालणारे एक काका आहेत. त्यांची गाडी मुळात कोणत्या रंगाची होती हे आता आरसी पाहूनच सांगता येईल. कॅनांनी दोन्ही बाजू घासून पत्रा पांढरा झालाय. ते परवा सकाळी आमच्या दारात गाडी लावून टाकीवरून हात फिरवत उभे राहिले.

"माह्या गाडीले बी मारून देशीन काय?"

"कोणता मारू?"

"मिलिटरीवाला हिरवा."

"काका, तो नाई चालत." केंद्रीय मोटार वाहन नियम 1989चे आहेत, त्यातल्या 121व्या नियमात स्पष्ट लिहिलंय की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणालाही ऑलिव्ह हिरवा रंग मारता येत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की तो फक्त फौजेचा.

"मंग पोपटी मार."

"पोपटी काहून?"

"आवडते मले."

आरसीवर नोंद करावी लागेल, हे सांगितलं. करू, म्हणाले. पोपटी साध्या डब्यात मिळत नाही, मिसळून घ्यावा लागेल आणि काळ्यापेक्षा महाग पडेल, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, घासायला मात्र तुम्हालाच बसावं लागेल, आणि सकाळी दहाच्या आत, नंतर वारा सुटतो.

"दूध घालून येयेपर्यंत दहा वाजतेत नं बाप्पा," काका म्हणाले, आणि किक मारता मारता थांबून विचार करून म्हणाले, "बरं, ते पेपर किती नंबरचे आणू?"